गूगलची जाहिरात आणि आपली वही

आपल्या संघाच्या सभासदांच्या खर्चखात्यात गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवे नाव येऊन बसले आहे. पूर्वी जाहिरातखर्चाच्या सदरात दुकानाची पाटी, ‘तरुण भारत’मधील दोन स्तंभांची जाहिरात, सिनेमागृहातील स्लाइड, लग्नसराईच्या तोंडावर वाटलेली हँडबिले आणि या स्मरणिकेसारख्या प्रकाशनास दिलेले अर्धे पान एवढ्याच रकमा असत. आज त्या सदरात गूगलचे नाव आहे, आणि कित्येक पेढ्यांत त्यापुढील आकडा बाकी साऱ्या रकमांच्या बेरजेहून मोठा आहे. स्मरणिकेतील अर्ध्या पानाने गिऱ्हाईक येत नाही हे देणारा व घेणारा दोघेही जाणतात. तो स्नेहाचा व्यवहार आहे. गूगलला दिलेला पैसा स्नेहापोटी जात नाही. तो माल विकत घेण्यासाठी दिलेला पैसा आहे, आणि घ्यावयाच्या मालाचे वजन व भाव पाहूनच तो घ्यावा, हे आपल्यास कोणी नव्याने शिकविण्याची गरज नसावी. तथापि या एका मालाच्या बाबतीत आपण वजनही पाहत नाही आणि भावही विचारीत नाही, असे आम्हांस दिसते.

आरंभीच सांगून टाकावे की, या कंपनीवर बहिष्कार घाला असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गोकाकच्या करदंटाचा, बेळगावच्या कुंद्याचा किंवा शहापूरच्या साडीचा व्यापारी आज पुण्यात, मुंबईत, किंबहुना सातासमुद्रांपलीकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांपर्यंत पोहोचू शकतो. पूर्वी त्यासाठी एखादा फिरता विक्रेता ठेवावा लागे आणि त्याचा प्रवासखर्चही परवडत नसे. नकाशावर दुकानाची जागा, उघडण्याची वेळ व मालाची छायाचित्रे नोंदविण्यास ही कंपनी काही आकारीत नाही, आणि ज्यांनी ती नोंद अजून केलेली नाही त्यांनी ती अवश्य करावी. साधन चांगले आहे. प्रश्न आहे तो ते साधन ज्याच्या हातचे आहे त्याच्याशी आपण कोणत्या नात्याने व्यवहार करतो याचा.

कंपनीचा जन्म १९९८ सालचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोघांनी इंटरनेटवरील पाने शोधून देणारे यंत्र सिद्ध केले. त्याच वर्षी या यंत्राविषयी त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला त्याच्या परिशिष्टात त्यांनी स्वतःच असे म्हटले होते की, जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोध घेणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, साडेतीनशे जाहिरातदार घेऊन त्यांनी ‘ॲडवर्ड्‌स’ या नावाने जाहिरातीचे दुकान उघडले. २०१८ साली त्याच दुकानाचे ‘गूगल ॲड्‌स’ असे नामांतर झाले. गूगल ज्या अल्फाबेट कंपनीच्या मालकीची आहे तिचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते, आणि त्यांपैकी सुमारे २६४ अब्ज डॉलर एकट्या जाहिरातींचे होते. आम्ही यास ढोंग म्हणत नाही. भांडवल लावलेल्या पेढीस कोठून तरी मिळकत व्हावीच लागते. परंतु मालकांनी पेढी काढतानाच ज्या दोषाचे भाकित केले, तो दोष पुढे पेढीत दिसू लागला तर आपण आश्चर्य करण्याचे कारण नाही.

या दुकानात भाव कसा ठरतो हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तेथेच आपला पैसा जातो. जाहिरात नुसती दिसण्याचे पैसे न घेता गिऱ्हाइकाने तिच्यावर बोट ठेवले, म्हणजे क्लिक केले, तरच पैसे घ्यावयाचे आणि त्यासाठी व्यापाऱ्यांकडून बोली मागवावयाची, ही कल्पना मूळची गूगलची नव्हे. १९९८ साली बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ नावाच्या कंपनीने ती बाजारात आणली. तेथे रीत सरळ होती: ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात वर. २००२ साली गूगलने बोलीची ही पद्धत घेतली. गोटूचे नाव तोवर ‘ओव्हर्चर’ झाले होते; तिने गूगलवर दावा लावला, आणि २००४ साली गूगलने २७ लाख शेअर याहू कंपनीस देऊन तो मिटविला, कारण ओव्हर्चर मध्यंतरी याहूने विकत घेतली होती. गूगलने पद्धतीत एक दुरुस्ती मात्र केली होती, आणि ती मार्मिक होती. नुसती बोली न पाहता जाहिरात गिऱ्हाइकाच्या कितपत उपयोगाची आहे यासही तिने गुण दिले, आणि बोली व गुण यांच्या गुणाकाराने क्रम लावला.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक गिऱ्हाईक ‘लग्नाचा बस्ता, बेळगाव’ असे शब्द घालून शोध घेत आहे आणि तीन कापडदुकानदारांनी त्या शब्दांवर बोली लावली आहे. पहिल्याने २० रुपये, दुसऱ्याने १५, तिसऱ्याने ८. गूगलने त्यांस गुण दिले अनुक्रमे ४, ८ व ६. गुणाकार केला असता पहिल्याचे ८०, दुसऱ्याचे १२० आणि तिसऱ्याचे ४८ होतात. म्हणजे १५ रुपयेवाला सर्वांच्या वर बसतो. त्याच्याकडून त्याची पूर्ण बोली घेतली जात नाही. खालच्या क्रमांकावर मात करण्यास जेवढे पुरे तेवढेच घेतात. ८० ला त्याच्या ८ गुणांनी भागले की १० रुपये येतात, तेवढे तो देतो. २० रुपये बोलणारा दुसऱ्या जागी बसतो आणि ४८ भागिले ४ या हिशेबाने १२ रुपये देतो. खालच्या जागेवर बसून वरच्यापेक्षा अधिक पैसे! प्रत्यक्षात हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो. गिऱ्हाईक कोठे आहे, कोणत्या वेळी विचारीत आहे, हातात कोणते यंत्र आहे हेही त्यात धरतात, आणि कंपनीने ठरविलेल्या किमान पातळीखालची जाहिरात दाखवीतच नाहीत. पण गाभा हाच.

युक्ती सुंदर आहे, आणि तिच्यात एक न्यायही आहे: ज्याची जाहिरात खरी व उपयुक्त, त्यास सवलत. आम्ही तिची प्रशंसा केल्यावाचून राहत नाही. परंतु या लिलावाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पुन्हा एकदा पाहावे. गुण कोण देतो? कंपनी. किमान पातळी कोण ठरवितो? कंपनी. शेजाऱ्याची बोली किती होती हे आपल्यास कळते काय? नाही. महिनाअखेर हाती येतो तो सरासरीचा एक आकडा.

आपल्या वडीलधाऱ्यांस हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. धान्याच्या व मिरचीच्या पेठांत पूर्वी हत्ता पद्धत होती. आडत्या आणि खरेदीदार एका उपरण्याखाली हात घालीत, बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूस उभा राहून त्या उपरण्याकडे पाहत असे. भाव बाहेर पडे तो उपरणे दूर झाल्यावर. १९३९ साली मुंबई इलाख्याने शेतमालाच्या बाजारपेठांचा कायदा केला, बेळगाव त्या वेळी त्याच इलाख्यात होते; पुढे नियंत्रित बाजारपेठांत उघड लिलाव हा नियम झाला आणि उपरण्यास रजा मिळाली. त्या उपरण्याखाली बोटे दाबणारे आडते कोणी परके नव्हते, आपल्याच पेठेतील होते, हे येथे लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. उघड लिलाव आला तेव्हा आडतीचा धंदा बुडेल अशी ओरड झाली नसेल असे नाही. धंदा बुडाला नाही.

आज आपण शेतकऱ्याच्या जागी उभे आहोत. हे केवळ उपमेपुरते म्हणत नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. २०२३ च्या सप्टेंबरात त्याची सुनावणी सुरू झाली, तेव्हा कंपनीच्या जाहिरात विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने साक्षीत मान्य केले की, लिलावाच्या यंत्रणेत असे फेरफार केले जातात की ज्यायोगे जाहिरातीचा भाव पाच टक्क्यांनी चढावा, आणि त्याची वार्ता जाहिरातदारांस दिली जात नाही. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला. शोधाच्या व शोधासोबतच्या मजकुरी जाहिरातींच्या बाजारात कंपनीची मक्तेदारी आहे आणि ती टिकविण्यासाठी तिने कायदा मोडला, असे त्यांनी ठरविले. प्रतिस्पर्ध्याचा धाक नसल्यामुळे ती या जाहिरातींचे भाव चढवू शकते, हेही त्यात आले. फोन व ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्यांनी गूगलचेच शोधयंत्र प्रथम मांडावे यासाठी तिने एकट्या २०२१ साली २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मोजली होती. पेठेच्या वेशीवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानास पैसे देणारा व त्यास आपल्याच आडतीकडे वळविणारा दलाल आपण पाहिला आहे. एवढ्या मोठ्या थैलीचा पाहिला नव्हता.

याच ठिकाणी क्रोम या ब्राउझरचा विचार केला पाहिजे. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने तो फुकट वाटण्यास आरंभ केला. तो चपळ होता, सुटसुटीत होता, आणि त्याच्या आधारभूत संहिता कंपनीने सर्वांस खुल्या करून दिल्या होत्या. आज तो जगातील सर्वाधिक वापराचा ब्राउझर आहे. आपल्या दुकानातील मुलगा ज्या खिडकीतून इंटरनेट पाहतो ती खिडकी बहुधा हीच. तीन वर्षे आधी, २००५ साली, दुकानाच्या संकेतस्थळावर कोण आले, कोठून आले, किती वेळ थांबले याचा हिशेब ठेवणारे ‘गूगल ॲनॅलिटिक्स’ तिने असेच फुकट दिले होते. २००८ सालीच डबलक्लिक ही जाहिराती पोहोचविणारी कंपनी तिने ३.१ अब्ज डॉलरांस खरेदी केली. आता हे सारे एकत्र मांडून पाहा. गिऱ्हाईक ज्या रस्त्याने येते तो रस्ता तिचा, दुकानाच्या उंबऱ्यावर आलेली माणसे मोजणारा तिचा, जागा विकणाऱ्या वृत्तपत्राचा मुखत्यार तिचा, जागा घेणाऱ्या व्यापाऱ्याचा दलालही तिचा, आणि ज्या अड्ड्यावर दोघांचा सौदा होतो तो अड्डाही तिचाच. आपल्या पेठेत आडत्या, तोलार आणि खरेदीदाराचा गुमास्ता या तीन भूमिका एकाच माणसाने केल्या असत्या, तर बाजार समितीने त्याचा परवाना एका दिवसात काढून घेतला असता.

व्हर्जिनियातील न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी १७ एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या एका खटल्यात जवळजवळ हेच म्हटले: प्रकाशकांच्या जाहिरातींची व्यवस्था पाहणारे साधन आणि जाहिरातींचा अड्डा या दोहोंत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने याच व्यवहाराबद्दल तिला २.९५ अब्ज युरोंचा दंड केला. आपल्याकडील स्पर्धा आयोगाने शोधातील पक्षपाताबद्दल २०१८ सालीच १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मात्र क्रोम विकून टाकण्याची जी मागणी अमेरिकन सरकारने केली होती ती न्यायाधीश मेहता यांनी २ सप्टेंबर २०२५ रोजी मान्य केली नाही. एकमेव आपलेच यंत्र ठेवा असे करार करण्यास मनाई केली आणि काही माहिती प्रतिस्पर्ध्यांस देण्याची आज्ञा केली, इतकेच. तेव्हा न्यायालये आपला बाजार आपल्यासाठी सुधारून देतील या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

गेल्या काही वर्षांतील नवे साधन म्हणजे ‘परफॉर्मन्स मॅक्स’. नोव्हेंबर २०२१ पासून ते सर्व जाहिरातदारांस खुले झाले. यात व्यापाऱ्याने खर्चाची रक्कम, मालाची चित्रे, दोन-चार ओळी आणि ‘मला फोन यावेत’ किंवा ‘विक्री व्हावी’ असे उद्दिष्ट द्यावयाचे. मग ती जाहिरात शोधात दाखवावी, यूट्यूबवर, जीमेलमध्ये, नकाशात की इतर संकेतस्थळांवर, कोणास व केव्हा, हे सारे यंत्र ठरविते. वेळ वाचतो, हे कबूल. मुनिमाच्या हाती तिजोरीची किल्ली दिली म्हणजेही वेळ वाचतो. कोणत्या ठिकाणी किती पैसा गेला याचा फोडवार हिशेब प्रारंभी मिळतच नव्हता. जाहिरातदारांनी तगादा लावल्यावर २०२५ साली कंपनी तो देऊ लागली. तो आता मिळतो, परंतु तो उघडून पाहणारे सभासद आम्हांस फारसे आढळले नाहीत. जाहिरातीचे काम आपण एखाद्या एजन्सीकडे किंवा भाच्याकडे सोपवितो आणि महिनाअखेर बिल तेवढे पाहतो.

ज्या बाबी स्वतः पाहावयास हव्यात त्यांपैकी दोन-तीन येथे नमूद करतो. आपण दिवसाची मर्यादा ५०० रुपये घातली तरी एखाद्या दिवशी कंपनी त्याच्या दुप्पट, म्हणजे १००० रुपयांपर्यंत खर्च करू शकते. बंधन आहे ते महिन्याचे, दैनिक रकमेच्या ३०.४ पट. दुसरे असे की, जाहिरात कोणत्या गावी दाखवावी या प्रश्नास जे उत्तर कंपनीने आधीच भरून ठेवलेले असते, त्यात बेळगावात असलेल्यांबरोबरच बेळगावात ‘रस’ दाखविणारेही धरलेले असतात. दिल्लीतील कोणी बेळगावच्या किल्ल्याची माहिती शोधीत असेल तर त्यासही आपल्या भांड्यांच्या दुकानाची जाहिरात दिसू शकते, आणि त्याचे बोट चुकून पडले तरी पैसे आपले. हा पर्याय बदलता येतो. त्याचप्रमाणे शोधाची जाहिरात घेताना इतर संकेतस्थळांवर दाखविण्याची खूणही आधीच केलेली असते. तीही काढता येते. आधीच भरून ठेवलेले रकाने कोणाच्या हिताचे असतात हे बँकेच्या कर्जाच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांस सांगावयास नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तो गूगलविषयी थोडा आणि आपल्याविषयी अधिक आहे.

गूगलच्या लिलावात कोणत्याही शब्दावर बोली लावता येते. आणि एखाद्या पेढीचे नाव हाही शब्दच होय. पन्नास-साठ वर्षे एका पेठेत सचोटीने उभ्या असलेल्या पेढीचे नाव गिऱ्हाईक शोधात घालते, आणि सर्वांत वर दिसते ती दुसऱ्याच दुकानाची जाहिरात, कारण त्या दुकानदाराने पहिल्याच्या नावावर पैसे लावलेले असतात. अशा तक्रारी संघाकडे आल्या आहेत, आणि खेदाची गोष्ट ही की, त्यांत दोन्ही पक्ष आपलेच सभासद आहेत, एकाच मंदिरात पूजेस बसणारे आहेत. आम्ही नावे लिहीत नाही. ज्यांस कळावयाचे त्यांस कळेल.

याचा व्यावहारिक परिणाम पाहा. ज्याचे नाव पळविले तो घाबरून स्वतःच्याच नावावर बोली लावू लागतो. जे गिऱ्हाईक त्याचेच होते, त्याचेच नाव घेऊन येत होते, त्याच्यासाठी तो आता दर वेळी पैसे मोजतो. दुसरा आपली बोली वाढवितो. पहिला आणखी वाढवितो. गिऱ्हाईक तेवढेच राहते, बस्ताही तेवढाच बांधला जातो, दोन्ही पेढ्यांच्या खर्चखात्यांत मात्र दर महिन्यास भर पडते, आणि ती सारी रक्कम कॅलिफोर्नियास जाते. दोन भावांनी एका भिंतीवरून कोर्टात जावे आणि दोन्ही वकिलांचे घर बांधून व्हावे, त्यातलाच हा प्रकार.

कायदा याबाबत कोठवर येतो? ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ हे नाव चालविणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी सांगितले की, नोंदलेल्या व्यापारचिन्हाचा असा शब्द म्हणून केलेला उपयोग हा कायद्याच्या दृष्टीने ‘उपयोग’च आहे, आणि गूगल ही त्यात केवळ तटस्थ मध्यस्थ नसून सक्रिय भागीदार आहे. परंतु गिऱ्हाइकाचा गोंधळ होत नसेल किंवा अनुचित लाभ घेतला जात नसेल, तर एवढ्यानेच चिन्हाचा भंग होत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘मेकमायट्रिप’च्या प्रकरणातही तसेच ठरले. शिवाय आपल्यातील किती पेढ्यांनी आपले नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले आहे? बहुतेकांनी दुकानाच्या परवान्यापलीकडे काहीच केलेले नाही. म्हणजे कायद्याचा हात येथे फार लांबवर पोहोचत नाही.

कायद्याचा हात आखूड पडतो तेथे आपल्याकडे दुसरे माप आहे, आणि ते नवे नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत खोट्या वजनमापाचा, म्हणजे हीनाधिकमानोन्मानाचा, आणि त्यासोबत प्रतिरूपकव्यवहाराचा, म्हणजे अस्सलाच्या जागी त्यासारखे दुसरे पुढे करण्याचा उल्लेख आहे. ज्याने नाव शोधले त्यास त्या नावाच्या जागी आपले दुकान दाखविणे हे यांपैकी कशात बसते याचा निर्णय पंडितांनी करावा. आमच्या मते ते दुसऱ्यात बसते. ‘मी चोरी कोठे केली? मी तर पैसे भरून जागा घेतली,’ असे कोणी म्हणेल. परंतु ज्याने जागा विकली त्याची ती होती काय? नाव पहिल्या पेढीचे, ते कमाविले तिच्या तीन पिढ्यांनी, आणि विकले तिऱ्हाइताने. विकणाऱ्याची मालकी नसलेली वस्तू जाणूनबुजून घेणाऱ्यास आपल्या पेठेत काय म्हणतात?

पैसे देऊन लिहवून घेतलेल्या स्तुतीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. नकाशावरील दुकानाच्या नावाखाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय असतात, आणि असे अभिप्राय शेकड्याने विकणारे लोक निर्माण झाले आहेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, ती खोट्या दस्तऐवजाविषयी आहे असे आपण आजवर समजत होतो. न आलेल्या गिऱ्हाइकाच्या नावे लिहिलेला मजकूर हा खोटा दस्तऐवज नव्हे तर काय? यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही.

राहता राहिली वही. जाहिरातीचे नवे साधन व्यापाऱ्यास सुचविते की, तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक व ई-मेल आमच्याकडे चढवा, म्हणजे आम्ही त्यांस व त्यांच्यासारख्या इतरांस तुमची जाहिरात दाखवू. सोय मोठी आहे, आणि क्रमांक सांकेतिक रूपात पाठविले जातात हेही खरे आहे. परंतु तो क्रमांक गिऱ्हाइकाने आपल्यास कशासाठी दिला होता? साडी फॉल-बीडिंग होऊन आली की कळवा, एवढ्यासाठी. तो त्याचा आपल्याकडील न्यास आहे. ठेवलेली ठेव भलत्या कामास लावणे यास आपल्याकडे न्यासापहार म्हणतात. संसदेने २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे, त्यातही संमतीवाचून अशी माहिती दुसऱ्या कामास वापरण्यावर निर्बंध आहेत. पण दंडाच्या भयाने जे समजावे ते आपल्यास व्रताने आधीच समजावयास हवे होते.

शिवाय यात धंद्याचाही विचार आहे. दिवाळीच्या वहीपूजनास आपण जी वही मांडतो तिच्यात केवळ येणे-देणे नसते. कोणत्या घरी कोणत्या साली लग्न झाले, कोणास इरकल आवडते आणि कोणास पैठणी, कोणाची उधारी सुगीनंतरच येते, ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या पेढीची ठेव असते. ती आपल्या वहीत असेल तोवर गिऱ्हाईक आपले. ती केवळ गूगलच्या खात्यात असेल तर गिऱ्हाईक गूगलचे, आणि आपण ते दर महिन्यास भाड्याने घेणार. जो सभासद आज म्हणतो की जाहिरात आठ दिवस बंद केली तर दुकानात कोणी फिरकत नाही, त्याने आपली दशा नीट ओळखली आहे. त्याचे दुकान खडे बाजारात असेल, धंदा मात्र दुसऱ्याच्या जागेत चालला आहे.

तरुण सभासद यावर म्हणतात की, काळ पुढे गेला, आता यंत्रच सारे करणार. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेत क्रोमच्या आतच आपले कृत्रिम बुद्धीचे साधन बसविण्यास प्रारंभ केला, आणि शोधाच्या उत्तराऐवजी यंत्राने रचलेले उत्तर वाचण्याची सवय लोकांस लागत आहे. ते खरेच आहे. उद्या गिऱ्हाईक ‘बेळगावात बस्ता कोठे बांधावा’ असे विचारील आणि यंत्र दहा दुकानांची यादी न देता एकच नाव सांगेल. त्या एका नावासाठी काय भाव पडेल, याची कल्पना करण्याचे काम आम्ही तरुणांवरच सोपवितो.

यास्तव आम्ही येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे दोन सूचना ठेवीत आहोत. पहिली, कोणाही सभासदाने दुसऱ्या सभासदाच्या पेढीच्या नावावर बोली लावू नये, आणि कोणी लावल्याचे आढळल्यास प्रथम तोंडी समज देऊन मग कार्यकारिणीने प्रकरण हाती घ्यावे, असा ठराव व्हावा. आम्ही मराठीत, कन्नडमध्ये व गुजरातीत लिहिली जाणारी नावे तिन्ही लिपींत धरून हा नियम करावा असे सुचवितो, कारण पळवाट तेथेच निघेल. दुसरी, ज्या पेढ्या गूगलवर जाहिरात करतात त्यांनी आपल्या एका महिन्याचे बिल व त्यासोबतचा फोडवार हिशेब संघाकडे द्यावा. कोणता शब्द किती रुपयांस पडतो, पैसा शोधात किती गेला आणि इतरत्र किती, किती फोन आले व त्यांतील किती गिऱ्हाइके दुकानात आली, हे पन्नास पेढ्यांचे आकडे एकत्र मांडले तर उपरण्याखालचा भाव बराचसा बाहेर दिसू लागेल. एकट्या पेढीस तो कधीच दिसणार नाही. हे काम संघाच्या कार्यालयात लेखापरीक्षणाचा अनुभव असलेल्या दोन सभासदांनी करावे. आपले बिल इतरांस दाखविणे ज्यांस प्रशस्त वाटत नसेल त्यांनी पेढीचे नाव झाकून प्रत द्यावी. आकडे तेवढे वाचता यावेत.